तानाबाईच्या हातावरचा दवणा

तानाबाईवर देवाचा कोप झालाय, असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांची नावं मला आजही तोंडपाठ आहेत. इथे देत नाही, कारण त्यातले निम्मे वारले आणि उरलेले रस्त्यात भेटले की मला वाकून नमस्कार करतात. पण माझा राग गेलेला नाही. लोक म्हणतात, बाई, एवढी वर्षं झाली, आता सोडून द्या. का सोडायचं? एका धडधाकट पोरीला श्वास घेता येत नव्हता आणि अख्खं गाव तिच्या श्वासात पाप शोधत होतं. हे सोडून द्यायचं असेल तर मग धरून काय ठेवायचं?

मी १९७४ साली कसबा बावड्याच्या शाळेत बदलून आले आणि आकारामदादांच्या घरी एका खोलीत भाड्याने राहू लागले. त्यांची थोडी ऊसशेती होती, ऊस कारखान्याला जायचा. बायको लवकर गेलेली. घरात तानाबाई ही एकुलती एक लेक. पोरगी कशी, तर वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन शेतातून घरापर्यंत बडबडत यायची, दारात भारा आपटायची आणि उरलेली बडबड संपवायला माझ्या खोलीत यायची. दम लागणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. ती हसली की शेजारच्या गल्लीत कळायचं. तिचं लग्न ठरलं तेव्हा आकारामदादा डोळे पुसत मला म्हणाले, "बाई, डोंगरावरचं घर मिळालंय. देवाच्या दारात पडली पोरगी. आता कसली काळजी न्हाय."

डोंगर म्हणजे जोतिबाचा. तिथे देवळाच्या वाटेवर तानाबाईच्या सासरचं दुकान होतं. गुलाल, खोबरं, धूप आणि दवणा. दवणा म्हणजे बारीक पानांचं, राखाडी-हिरवं, घमघमणारं झुडूप. गुलाल-खोबऱ्यासारखाच तोही देवाला वाहायचा. सासरा हयात नव्हता. दुकान चालवायची सासू, बायडाबाई. तानाबाईचा नवरा गुंडू हा माल आणायचा, माल मांडायचा आणि आईकडे बघायचा.

बायडाबाईंचं सगळं राज्य कमरेला खोचलेल्या तपकिरीच्या पितळी डबीवर चालायचं. चिमूट नाकात जायची, पदरात सणसणीत शिंका पडायच्या, डोळ्यांना पाणी यायचं. मग डोळे पुसून गिऱ्हाइकाला सांगायच्या, "तपकीर लई जहाल हाय, पावणं." मी खेट्यांच्या, म्हणजे माघात लोक डोंगर चढून देवाला जातात त्या, रविवारी तानाबाईला भेटायला वर जायची तेव्हा मला या सोहळ्याची मोठी गंमत वाटायची. एवढ्या शिंका येऊनही बाई तपकीर सोडत नाही, म्हणजे व्यसन किती वाईट, असा धडासुद्धा मी शाळेत मुलांना दिला होता.

माघात खेटे सुरू झाले की दवण्याचे भारे घरात येऊन पडायचे, ते चैत्राची यात्रा होईपर्यंत. ओल्या गोणपाटाखाली माजघरात रचलेले असायचे. घरातल्या बायकांनी बसून त्याच्या छोट्या जुड्या बांधायच्या, ही त्या घरची रीत. सुनेने पहिली जुडी बांधून देवाला वाहायची आणि मग विक्रीला हात लावायचा. तानाबाई पहिल्या वर्षी हौसेने बसली. जुड्या बांधता बांधता तिला शिंका सुरू झाल्या, नाक गळायला लागलं, डोळे सुजले आणि हातांवर लाल लाल गांधी उठल्या. नवीन जागा, डोंगराचा वारा, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी छातीत घरघर आली. पुढे नंदिनी झाली. ती कडेवर असतानाच्या चैत्रात तानाबाई भिंतीला टेकून बसून राहायची, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. दवणा संपला की बाई हळूहळू सावरायची. माघ आला की पुन्हा तेच.

खालच्या गावातून एका देवऋषीला बोलावलं. त्याने सुपात तांदूळ फिरवले आणि सांगितलं, लग्नात देवाचा मान चुकलाय, देव या सुनेवर रुसलाय. उपाय काय? तर दवणा तिच्या उशाला ठेवा, दवण्याच्या पाण्याने आंघोळ घाला, दवण्याची धुरी द्या, म्हणजे देव पदरात घेईल. हे आठवलं की माझ्या तळपायाची आग आजही मस्तकात जाते. आगीत तूप ओतायचं आणि वर विचारायचं, भडका का उडाला!

भडका उडायचा तो उडालाच. धुरी दिली त्या दुपारी तानाबाईचे ओठ काळेनिळे पडले. तेव्हा बायडाबाईंनी जो निकाल दिला तो डोंगरावरून खाली बावड्यापर्यंत पोचला.

"देवाचा दवणा हिला सोसत न्हाय, म्हंजे देवालाच ही सोसत न्हाय."

म्हणजे बघा. दवणा सोसत नाही हे त्यांना दिसत होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपण म्हणतो. इथे कळसा काखेत नव्हता, चांगला हातात होता, आणि तोच त्या सुनेच्या डोक्यात घालत होत्या. एवढ्या माणसांतून एकालाही वाटलं नाही की दवणा उचलून बाहेर ठेवून तर बघावं. दवणा कसा हलवायचा? तो देवाचा. सून हलवायची, ती कुणाची नाही.

१९७९च्या फाल्गुनात गुंडूने तानाबाईला एका टेम्पोतून बावड्याला आणून सोडलं. मी शाळेतून नुकतीच आले होते. तानाबाई उंबऱ्यावर बसली. तिच्या छातीतली शिट्टी मला अंगणाच्या टोकाला ऐकू येत होती.

"मामा, आय म्हणती, हिला हिकडंच ऱ्हाऊ दे," गुंडू म्हणाला.

"किती दिस?" आकारामदादांनी विचारलं.

"आय म्हणती, बघू."

"आन् नंदिनी कुठं हाय?"

"तिला न्हाय आणली. आय म्हणती, आईचा दोष पोरीला लागाय नको."

"आणि तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं. मध्ये बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता, पण जीभ थांबली नाही. गुंडूने माझ्याकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं आणि चपला पायात सरकवल्या. 'आय म्हणती'शिवाय त्या माणसाच्या तोंडात तेव्हा वाक्यच नव्हतं. तीन वर्षांची पोर आईपासून तोडली आणि हा गडी टेम्पो वळवून निघून गेला. पाठोपाठ बातमी आली की कागलकडची एक मुलगी बघितली आहे. देवाला चालेल अशी.

आठवड्याभरात तानाबाईचा श्वास मोकळा झाला. चूल पेटवू लागली, गोठ्यात जाऊ लागली. यावरून तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडावा! पण गल्लीतल्या धोंडुबाई म्हणाल्या, "बगा, देवापास्नं लांब आली आन् सुटली. म्हंजे कोप खराच की." एकदा निकाल ठरला की पुरावा कुठूनही येतो. आजारी पडली तरी कोप, बरी झाली तरी कोप.

तानाबाई बोलेनाशी झाली होती. एकदाच मला म्हणाली, "बाई, मी आठवून आठवून बघतीया, माझ्याकडनं काय चुकलं. कायच घावंना." मला हे सगळ्यात जास्त लागलं. बाकीच्यांनी तिच्यावर आळ घेतला होता, पण आता तीच स्वतःची झडती घेत होती.

आकारामदादा नात मागायला डोंगरावर गेले. नात मिळाली नाही. बायडाबाईंनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि वाटेला लावलं. ते घरी आले ते कपाळभर गुलाल आणि टोपीखाली पडलेला चेहरा घेऊन. लेकीच्या ओंजळीत त्यांनी खोबऱ्याचा तुकडा दिला आणि दवण्याची डहाळी मायेने तिच्या उशाशी ठेवली. "देव बघंल गं," म्हणाले. तानाबाई कलंडली आणि थोड्याच वेळात उठून बसली, तोंड उघडं टाकून, खांदे वर ओढून.

मी आत गेले, ती डहाळी उचलली आणि परसात फेकून दिली.

आकारामदादा माझ्याकडे बघतच राहिले. देवाचा प्रसाद फेकणारी बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "बाई, ह्ये काय केलासा?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मी म्हटलं, "दादा, पाप लागलं तर मला लागू दे. आधी टांगा बघा."

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर तिला आराम पडला. तिथल्या डॉक्टरांना मी सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, राजारामपुरीत डॉक्टर आजरेकर आहेत, ते कातडीवर तपासणी करून कशाची अॅलर्जी आहे ते शोधतात, त्यांना दाखवा. अॅलर्जी हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. आकारामदादांनी तो पहिल्यांदाच ऐकला आणि विचारलं, "त्यो रोग लागट हाय काय?"

डॉक्टर नृसिंह आजरेकर हे बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी तानाबाईला बोलू दिलं, मला गप्प केलं. कधी सुरू होतं, काय करत असताना होतं, कुठे गेल्यावर थांबतं, सगळं तिच्याच तोंडून काढलं. मग म्हणाले, "तुमच्या सांगण्यावरून मला अंदाज आलाय. पण अंदाज म्हणजे निदान नव्हे. आपण तुमच्या हातालाच विचारू."

त्यांनी समजावून सांगितलं ते मला इतकं आवडलं की नंतर मी शाळेतही सांगितलं. कधीकधी शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून बसतं. ती वस्तू नाकात गेली की शिंका, छातीत गेली की दमा, कातडीवर गांधी. ती कोणती हे ओळखायचं तर संशय असलेल्या एकेका वस्तूच्या अर्काचा थेंब हातावर ठेवायचा आणि त्यातून सुईने जरासं टोचायचं, रक्तही येणार नाही इतकं. शरीर ज्या वस्तूवर खवळलेलं असेल तिथेच थोड्या वेळात डास चावल्यासारखी गांध उठते. बाकीचे थेंब तसेच वाळून जातात.

मात्र लगेच करता येणार नव्हतं. आधी छाती शांत व्हायला हवी होती आणि सर्दी-खाजेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवायला हव्या होत्या. "त्या गोळ्या पोटात असल्या की कातडी गप्प बसते, खरं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले. धूळ, परागकण वगैरेंचे अर्क त्यांच्याकडे होते. पण डोंगरावरच्या दुकानातल्या वस्तू त्यांना हव्या होत्या. गुलाल, खोबरं, धूप, दवणा, सगळं तिथूनच आणायचं, दुसरीकडचं नको. अर्क ते स्वतः करणार होते.

तानाबाईने एवढा वेळ खाली घातलेली मान वर केली.

"डाक्टर, ह्ये उठंल ते समद्यांना दिसंल काय? का नुसतं तुमच्या कागदावर येणार?"

"हातावर उठतं. बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळेल."

"मग माझ्या सासूला बोलवा. तिच्या डोळ्यांदेखत उठू दे."

त्या दिवसापासून मला माझी जुनी तानाबाई परत दिसू लागली. तिने बापाकडून डोंगरावर निरोप धाडला, तो असा. राजारामपुरीत या, नंदिनीला घेऊन या. दवण्याच्या थेंबावर काय उठलं न्हाय, तर मी आपल्या पायानं मोकळी हुते, नवऱ्याला दुसरी करू द्या. उठलं, तर माझी पोर माझ्या पदरात आन् माझं घर मला. बायडाबाईंना यात तोटा दिसला नसावा. लगेच हो म्हणाल्या. वस्तूही बांधून दिल्या. दवण्याची जुडी तर मुद्दाम मोठी दिली.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे त्या खोलीत दाटीवाटीने बसलो. नंदिनी आईला बघताच झेपावली आणि बायडाबाईंनी तिला धरून मागे ओढलं. "आदी हुदे ते," म्हणाल्या. पोर रडायला लागली. माझ्या हातात खडू-डस्टर असतं तर त्या दिवशी काय घडलं असतं सांगता येत नाही.

डॉक्टरांनी तानाबाईचा हात टेबलावर ठेवला. आतल्या बाजूला पेनने खुणा केल्या, खुणेशेजारी एकेक थेंब ठेवला आणि प्रत्येक थेंबाला नवी सुई घेऊन टोचलं. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो कुणालाच उठू नये. एक थेंब असा की तो सगळ्यांनाच उठावा. "हे दोन नसतील तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?" ते गुंडूला म्हणाले. गुंडूने सवयीने आईकडे बघितलं. दवण्याचा अर्क डॉक्टरांनी आधी स्वतःच्या हातावर करून बघितला होता. त्यांना काही उठलं नव्हतं. बाजूच्या ट्रेमध्ये एक इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं, अंगावर जास्त आलंच तर लागेल म्हणून.

मग वाट बघणं. भिंतीवरच्या घड्याळाखाली आम्ही सगळे एका बाईच्या हाताकडे बघत बसलो होतो. खाजवायचं नाही असं तिला बजावलं होतं. आकारामदादा टोपी काढून हातात फिरवत होते.

मिठाचं पाणी तसंच वाळलं. सगळ्यांना उठणारा थेंब उठला. गुलाल, काही नाही. खोबरं, काही नाही. धूप, काही नाही. घरातल्या धुळीच्या जागी थोडा गुलाबी डाग आला. आणि दवण्याच्या जागी आधी लाली पसरली, मग मधोमध पांढरी, फुगीर गांध वर आली, कडा वेड्यावाकड्या करत वाढत गेली. डॉक्टरांनी पट्टीने ती मोजली.

"हकीकत दवण्याकडे बोट दाखवते आणि हातही दवण्याकडेच बोट दाखवतो," ते म्हणाले. "दोन्ही जुळलं. नुसती गांध उठली म्हणून मी निदान केलं नसतं. हिला दवण्याची अॅलर्जी आहे आणि दमा त्यानेच उसळतो. यात हिचा काही दोष नाही."

यात हिचा काही दोष नाही. एवढं साधं वाक्य, आणि ते ऐकायला त्या पोरीला पाच वर्षं लागली!

तानाबाई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने तो हात उचलून सासूसमोर धरला.

"आत्याबाई, ह्यो गुलाल देवाचा. ह्ये खोबरं देवाचं. हितं कायतरी उठलंय का? देव रुसला असता तर हितं बी उठलं असतं की. का देव नुसता दवण्यापुरता रुसतोय?"

तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. डॉक्टर चक्क हसले. बायडाबाईंचा चेहरा मात्र लालबुंद झाला.

"ह्ये समदं तुमचं संगनमत हाय! बाईनं सांगितलं आन् डाक्टरनं केलं. त्या थेंबात कायतरी जहाल घातलंय. माझ्या हातावर करा बगू. पस्तीस वर्सं माझं हात दवण्यात हाईत. देवाच्या माणसावर उठतंय काय ते बघूच."

डॉक्टर आधी नाही म्हणाले. बायडाबाई ऐकेनात. मग डॉक्टरांनी त्यांनाही प्रश्न विचारले. दमा आहे का? नाही. कसल्या गोळ्या? नाही. शिंका येतात का?

"तपकिरीच्या येतात," बायडाबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

पुन्हा खुणा, पुन्हा थेंब, पुन्हा वाट बघणं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्यांनी हातावरून पदर ओढून घेतलाय. पदराखाली बोटं हळूच हलत होती. डॉक्टर दुसऱ्या खोलीत हात धुवायला गेले होते.  बोलली ती नंदिनी. आजीला चिकटून बसलेल्या त्या पोरीने पदर बाजूला केला आणि विचारलं, "आज्जी, तुला बी डास चावला?"

दवण्याच्या खुणेवर गांध होती. तानाबाईच्या गांधीहून लहान, पण चांगली टपोरी. बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळेल अशी.

डॉक्टर आले, बघितलं, मोजलं. "तुम्हालाही आहे. तुमचं नाकापर्यंत थांबलंय, छातीत उतरलं नाही, एवढाच फरक. या शिंका माघ-चैत्रात जास्त येतात का?"

बायडाबाईंचा हात कमरेच्या डबीवर गेला आणि तिथेच थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तपकिरीने शिंका येत नव्हत्या. शिंका येत होत्या म्हणून तपकीर होती!

"तुमाला ठावं हुतं," तानाबाई म्हणाली.

"नवी नवरी असताना पयल्या जुडीलाच शिंका आल्या," बायडाबाई टेबलाकडे बघत बोलू लागल्या. "माझी सासू लई कडक. देवाच्या दवण्यावर शिंकतीया म्हणून म्हायारी धाडली असती मला. शेजारच्या म्हातारीनं तपकीर दिली, म्हणाली, हिचं नाव सांग. तवापास्नं तपकिरीचंच नाव सांगतीया."

"आन् तरी माझ्या उशाला दवणा ठिवला?"

"मला सोसलं. मला वाटलं, तू बी सोसशील. न्हायतर जाशील."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी मुलांकडून शंभरदा लिहून घेतली असेल. तिचा अर्थ मला त्या खोलीत कळला. लोक मला सांगतात, बायडाबाईही बिचारी भीतीनेच तशी झाली होती, तिचीही कीव करा. मी प्रयत्न केला. जमलं नाही. जी बाई स्वतः या आगीतून वाचली, तिला दुसरीच्या पायाखालचा निखारा ओळखता येत होता. ओळखता येत होता म्हणूनच तो तिने नेमका तिथे ठेवला.

तानाबाई उठली, सासूच्या शेजारून नंदिनीला उचललं आणि कडेवर घेतलं. या वेळी कुणी मागे ओढलं नाही.

गुंडू उभा राहिला. "आय म्हण..." एवढं बोलून थांबला. घसा खाकरला. "मी म्हणतो, घरला चल."

"दवणा आदी घराभायेर काढा," ती म्हणाली. "दुकानामागं छपरी घाला, तिथं ठिवा, तिथंच जुड्या बांधा. मी त्येला हात लावणार न्हाय. ह्ये हुईस्तवर मी बावड्यात, आन् माझी पोर माझ्यापाशी."

छपरी यात्रेच्या आधी उभी राहिली, आणि यात्रा सरल्यावर तानाबाई घरी गेली. डॉक्टरांनी दम्याच्या गोळ्या जवळ बाळगायला दिल्या आणि बजावलं की खरं औषध म्हणजे त्या पानापासून लांब राहणं. कागलकडची मुलगी दुसरीकडे सुखाने नांदली, असं ऐकलं. माझं म्हणणं, ती वाचली.

गोष्ट इथे संपली असती तर माझा राग कदाचित शांतही झाला असता. पण पुढच्या चैत्रात मी वर गेले. तानाबाई दुकानाच्या पुढच्या बाजूला गुलाल मोजत बसली होती, चेहरा उजळलेला, आवाज पूर्वीसारखा, दणदणीत. दवणा पार पलीकडच्या टोकाला, गुंडूच्या ताब्यात. बायडाबाई खोबऱ्यापाशी बसल्या होत्या. कमरेला डबी नव्हती. आणि गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होत्या, "ही माझी सून. लई मोठा कोप हुता हिच्यावर. मी देवाला साकडं घातलं, नवस केला, तवा देवानं हिला माफ केलं."

गिऱ्हाइकं हात जोडत होती.  डॉक्टर नाही, सुई नाही, हातावरची ती गांध नाही, स्वतःची गांध तर नाहीच नाही. जे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं ते वर्षभरात पुसून तिथे नवस लिहिला होता. आणि माफी? माफी मागायची कुणी होती, आणि देत कोण होतं!

मी तोंड उघडणार तेवढ्यात तानाबाईने तराजू खाली ठेवला. ओरडली नाही. पण तिचा साधा आवाजही चार दुकानं ऐकू जायचा.

"आत्याबाई, देवानं माफ कराया मी केलं काय हुतं?"

रांगेतली माणसं सासूकडे बघू लागली. गुंडू बघू लागला. नंदिनी बघू लागली.  समोरच्या बाईने दोनदा मागितल्यावर बायडाबाईंनी मान खाली घालून तिच्या पिशवीत खोबरं टाकलं.